नानांचं जहाज अन् आप्पासाहेबाचं भाषन

त्या दिशी सकाळी नाना च्या पिऊन उठले अन् म्हनले, "जहाज घिऊन येतो."

गोजरबाई, त्यांची बायकू, वट्यावर बसून दोऱ्याला मेन लावत हुती. ती म्हनली, "त्या आप्पासाहेबाच्या दारात पान्याचा घोटबी घिऊ नका."

"मला माझं जहाज पायजे. त्याचं पानी त्यालाच लखलाभ."

लुना चालू झाली, राजूरच्या पेठेतून गेली अन् भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागली. दुपारी दारात ॲम्ब्युलन्स आली. नाना आत झोपल्याले, कापडं वली गच्च, केसातनं अजून पानी गळतंय.

नाना म्हंजी कानिफनाथ. उभा जल्म दुधाचा टेम्पो चालवला, राजूर ते संगमनेर. एकदा टेम्पोच्या कामाला नगरला गेल्ते. सावेडीत कुन्या सायबानं बंगला रिकामा केल्ता, अन् भंगारवाल्याच्या हातगाडीवर एक मोडकं, शोभेचं, हातभर शिडाचं जहाज पडल्यालं. डोलकाठ्या तुटल्याल्या, शिडं उंदरानं खाल्लेली. भंगारवाला म्हनला, "काय करता ह्येचं? पेटवायच्या कामाचं हाय." नाना म्हनले, "पेटवायला घरी लाकडं हायेत." आनलं घरी, नीट केलं, अन् तवापासून त्या मानसाला दुसरा नाद म्हनून राह्यला न्हाई. तंबाकू न्हाई, पत्ते न्हाई, दारूचा तर वाससुदिक न्हाई. दूध टाकून आले की वट्यावर बसायचं अन् जहाज करायचं.

सागाच्या कागदावानी पातळ पट्ट्या काढायचे. रातभर बादलीत भिजवायचे अन् सकाळी भाताच्या पातेल्याच्या वाफेवर धरून हळूहळू वाकवायचे. घाई केली की पट्टी काडकन मोडायची. गोजरबाई म्हनायची, "भात शिजतोय का जहाज?"

"दोनीबी. झाकन काढू नको."

डोलकाठीला बांबू. शिडाला नानांच्या बापाचं जुनं धोतर, च्याच्या पान्यात बुडवून पिवळट केल्यालं. अन् दोरे गोजरबाईकडं. डोंगरातल्या पोळ्याचं मेन घ्यायचं, त्यावरनं दोरा वढायचा, मंग दोऱ्याची लव बसती अन् गाठ सरकत न्हाई. एका जहाजाला किती दोरे लागत्यात त्ये तिच्या बोटांना इचारा. बोटाला घट्टे पडल्याले तिच्या.

गाव हसायचं. पारावरची मानसं म्हनायची, "नाना, सोडा की एकदा धरनात!"

नाना म्हनायचे, "पितळेच्या नंदीला कुनी नांगराला जुपतंय का रं? ही बघायची वस्तू हाय. फेविकॉलवर उभी हाय ती, पान्यात टिकनार हाय का?"

एकदा ओंकारनं, त्यांच्या पोरानं, अलिबागला नेलं समिंदर दाखवायला. नानांनी लई येळ बघितलं अन् म्हनले, "मोठा हाय. पन शिड एकबी दिसंना. चल घरी." घरी येऊन तीन डोलकाठ्यांचं मोठं जहाज करायला घेतलं. चार दिवाळ्या गेल्या त्याच्यात. झालं तवा गोजरबाईनं त्याला हळदीकुंकू लावलं, अन् नाना नुसते बघत बसले, जेवलेबी न्हाई.

मंग आप्पासाहेब आला. राजूरचाच गडी, जमिनीच्या येव्हारात वर आल्याला. धरनाच्या अंगाला त्यानं मोठं हाटेल बांधलं, त्यात पोहायचा निळा तलाव. म्हनला, "नाना, उद्घाटनाला दोन दिवस द्या जहाज. तालुक्याची शान हाय." नानांना कौतिकाची भूक हुती. दिलं. दोन दिवस म्हनता म्हनता पावसाळ्याचा उन्हाळा झाला. कवा मागायला जावं तर आज पाव्हने हायेत, उद्या साहेब यायचेत. वरनं पाव्हन्यांना सांगायचा का मुंबईवरनं मागवलंय.

नाना लुनावर गेले त्या दिशी तिथं लग्नाची पार्टी हुती. पुढचं समदं कल्याणनं सांगितलं, तिथल्या वाढप्यानं. आप्पासाहेबाच्या डोक्यात निघालं, जहाज हाय म्हनल्यावर पोहायलाच पायजे. नवरा-नवरीच्या फोटूला त्यानं जहाजात दिवे लावले, झेंडूची फुलं टाकली अन् सोडलं तलावात. जरा येळ तरंगलं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मंग पट्ट्या फुगल्या, सांधे सुटले, अन् जहाज कुशीवर झालं. नाना फाटकातनं आत आले त्ये नेमके तवाच.

वरडले न्हाई, भांडले न्हाई. चपलाबी काढल्या न्हाईत. तसंच पान्यात उतरले छातीइतक्या. पाव्हने हसले, मोबाईल काढले. आप्पासाहेब काठावरनं म्हनला, "नाना, आंगुळीला घरी पानी न्हाई का?" नानांनी जहाज उचलून डोक्यावर धरलं, दोन पावलं टाकली, अन् खाली बसले. पान्यातच. कल्याण अन् दुसऱ्या पोरांनी उडी टाकली, पन हार्ट अटॅकनं कारभार उरकला हुता.

आता इथवर देवाची करनी म्हना. पन आप्पासाहेबानं पोलिसाला काय सांगितलं? म्हातारा पिऊन आला हुता अन् पान्यात पडला. पोलिसांनी नानांना दारातनं परत दवाखान्यात नेलं, पोटातलं तपासायला नाशकाला पाठवलं, त्ये कवा येईल ठावं न्हाई. तवर गाव बोलायला मोकळंच. सांत्वनाला आलेल्या बाया गोजरबाईच्या गळ्यात पडून रडायच्या अन् उंबऱ्याबाहेर जाऊन इचारायच्या, "पीत हुता का गं? कळलं न्हाई कवा." गोजरबाईला समदं ऐकू यायचं. तिनं रडनं बंद केलं. नवरा गेला त्ये गेला, पन त्याच्या नावावर दारू शिंपडली त्या मानसानं. त्येचं उट्टं तिला पायजे हुतं. व्याजासकट.

आमच्याकडं दहाव्याला परवचन झालं की माईकवर भाषनं हुत्यात. मेल्याला कसाबी असू द्या, माईकवर तो देवमानूसच. बायकूला रोज तुडवनाराबी तिथं मनमिळाऊ हुतो. अन् आप्पासाहेब तर दहाव्याच्या भाषनाचा राजा. पंचायत समितीला उभं राह्यचं हुतं ना, मंग कुठल्याबी गावचा दहावा चुकवायचा न्हाई. पांढरी कापडं, तोच आवाज, तेच शब्द, निस्तं नाव बदलायचं.

गोजरबाई दिराला म्हनली, "रंगनाथ भावजी, आप्पासाहेबाला निरोप धाडा. पहिलं भाषन त्यांचंच."

ओंकार उठला. "आये, डोकं फिरलं का तुझं? त्यानं घाटावर पाय ठिवला तर तंगडी मोडीन मी त्याची."

"तंगडी मोडून काय हुतंय? पलास्टर घालंल अन् महिन्यानं परत हिंडंल. मला त्येची तंगडी नको, तोंड पायजे."

"वहिनी, दहाव्यात तमाशा नको," रंगनाथ म्हनला.

"तमाशा म्या कशाला करू? त्योच करनार हाय."

दहाव्याला प्रवरेच्या काठी मंडप भरला. आप्पासाहेब आला, हात जोडत जोडत पुढं बसला. त्याला वाटलं, बाई इसरली, न्हाईतर घाबरली. परवचन झालं, रंगनाथनं नाव पुकारलं. आप्पासाहेबानं माईक धरला, डोळं मिटलं अन् गाडी सुरू झाली.

"कानिफनाथ नाना म्हणजे आपल्या तालुक्याचं भूषण. अत्यंत कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ, निर्व्यसनी व्यक्तिमत्त्व..."

बायांच्या घोळक्यातनं गोजरबाई उभी राह्यली. डोईवरचा पदर नीट केला. "आप्पासाहेब, ह्ये शेवटचं परत म्हना."

"काय वहिनी?"

"म्हागल्या बायांना ऐकू न्हाई आलं. कसा हुता माझा नवरा?"

त्याला वाटलं, बाईला गहिवर आला. त्यानं आवाज चढवला. "निर्व्यसनी, वहिनी! सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नव्हतं नानांना! मी लहानपणापासून बघतोय!"

"मंग पोलिसाला काय सांगितलं तुमी? पिऊन पान्यात पडला म्हनून? तवा खोटं बोल्ला का आता खोटं बोलताय? काय त्ये एक ठरवा. माईक चालू हाय."

आप्पासाहेबानं माईक तोंडापासनं लांब धरला.

"वहिनी, तुमी दुःखात हाय..."

"दुःखात हाय, पन पिल्याली न्हाई."

म्हागनं कुनीतरी फिसकन हसलं. मंग दुसरं. आप्पासाहेबानं रुमाल काढला. रंगनाथकडं बघितलं, रंगनाथ वाळूकडं बघत बसला. ओंकार मुठी आवळून उभा हुता, पन आईनं हातानं खूण केली तसा जाग्यावरच राह्यला.

"नाना पिल्याले नव्हते," आप्पासाहेब म्हनला. भाषनाचा आवाज गेला, घरचा आवाज आला. "गडबडीत सांगितलं ग्येलं."

"अन् जहाज कुनी सोडलं पान्यात?"

"...म्या."

"कुनी? स्पीकर खरखर करतोय."

"म्या सोडलं."

"बसा आता. भावजी, पुढचं भाषन पुकारा."

तो बसला न्हाई. गाडीकडं निघाला त्ये चप्पल दुसऱ्याची घालून ग्येला.

लोक म्हनले, झालं बाई, जिरली त्येची, आता पोट भरलं आसंल. गोजरबाईचं पोट काय भरलं न्हाई. कल्याणनं पोत्यात घालून आनल्यालं जहाज तिनं दारासमोरच्या कोनाड्यात ठिवलं, फुगल्यालं, फाटल्यालं, बरगड्या उघड्या. ओंकार म्हनला, "आये, पट्ट्या वाफेवर धरून बसवू का? नानांचं बघून थोडं येतंय मला." ती म्हनली, "हात लावायचा न्हाई. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसू दे." कुनी इचारलं, ह्ये कशानं झालं, तर ती पानी दिऊन बसवायची अन् पहिल्यापासनं सांगायची. नाव गाळायची न्हाई.

मंग शेजारच्या गावात तिच्या चुलत नंदेचा सासरा वारला. गोजरबाई दहाव्याला सकाळच्या पहिल्या जीपनं ग्येली अन् बायांमधी पार पुढं, माईकच्या समोर जागा धरली. परवचन संपायला अन् आप्पासाहेबाची पांढरी गाडी मंडपाच्या तोंडाला यायला एकच गाठ पडली. पुकारनारा म्हनला, "आता आप्पासाहेब दोन शब्द बोलतील." गाडीचं दार उघडलं. एक पाय खाली आला. त्यानं मंडपात नजर टाकली, अन् गोजरबाईनं पदर सारून त्याच्याकडं सरळ बघितलं.

पाय परत आत ग्येला. गाडी म्हागं सरली, वळली, धूळ उडवत ग्येली. माईकवाला तिकडं आजून पुकारतोय, आप्पासाहेब, आप्पासाहेब.

गोजरबाई शेजारच्या बाईला म्हनली, "सरक गं जरा, पाय लांब करू दे."