दिवे वाढवा

एस्तेरमावशींच्या तोंडून 'विझव' हा शब्द मी एकदाच ऐकला. तो ऐकायची वेळ माझ्यावर आली नसती तर बरं झालं असतं.

एरवी त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. पाळकबाईंचं प्रवचन लांबलं तर पहिल्या बाकावरून मनगट उंच करून घड्याळ दाखवणारी ही बाई. पण अशुभ शब्द म्हणून उच्चारायचा नाही. त्यांच्या डब्यातले तांदूळ कधी संपले नाहीत, ते 'उदंड' व्हायचे. नारळ फुटायचा नाही, वाढायचा. हातातली बांगडीसुद्धा वाढायची. आणि दिवा, मग तो मेणबत्तीचा का असेना, विझवायचा नाही, वाढवायचा. नगरहून नर्स म्हणून जर्मनीत आल्याला पन्नासएक वर्षं झाली होती, तरी हे सगळं जसंच्या तसं होतं.

आमची पहिली भेट याच शब्दावरून झाली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नुकतेच बाड हॉम्बुर्गला आलो होतो. तो दिवसभर फ्रँकफुर्टच्या ऑफिसात आणि मी घरात भिंतींशी जर्मन बोलत. एका चर्चमध्ये जुने कपडे स्वस्तात मिळतात असं कळलं, म्हणून थंडीचा कोट बघायला गेले. ते चर्च अमेरिकन वळणाचं, एपिस्कोपल. स्वतःची इमारत नव्हती, एका जर्मन मंडळीचं छोटं उपासनागृह भाड्याने घेतलेलं. आवराआवर चालली होती. कुणीतरी मला मेणबत्ती विझवायची खूण केली, मी वाकून फुंकर मारणार एवढ्यात मागून मराठीत आवाज आला,

"अगं ए, फुंकतेस काय! वाढव ती."

माझ्या हातातला कोटच पडला. मागे एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. तिच्या हातात लांब दांड्याची पितळी टोपी होती. ती टोपी तिने ज्योतीवर अलगद ठेवली.

"पुण्याची दिसतेस," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"मघाशी चहा नको म्हणालीस आणि कपाकडे बघत राहिलीस, त्यावरून."

मी म्हटलं, "अहो, पण मी ख्रिश्चन नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "देवाकडे काय आनमेल्डुंग करावी लागते, नाव नोंदवायला? कांदा चिरता येतो ना? गुरुवारी दहाला ये."

मी गेले, आणि सात वर्षं जात राहिले.

गुरुवारी चर्चच्या स्वयंपाकघरात सूप व्हायचं. एकटी राहणारी म्हातारी माणसं, दोन-चार विद्यार्थी, कधी स्टेशनवरचा एखादा बेघर असे तीसेक जण जेवायला यायचे. पत्रिकेत त्याचं नाव 'कम्युनिटी लंच' होतं. मावशी त्याला प्रीतिभोजन म्हणत. "एकटं राहणारं माणूस भराभर जेवतं," त्या मला शिकवत, "त्याला न विचारता दुसऱ्यांदा वाढायचं. मग ते बसतं, बोलतं." जेवणं झाली की वेदीवरची आवराआवरही त्यांचीच. कापडाच्या घड्या, फुलांचं पाणी, मेणबत्त्या आणि शेवटी कुलूप. चावी त्यांच्या पर्समध्ये एका जुन्या रुमालात बांधलेली असायची. "मला दोनच कामं येतात," असं त्या येईल त्याला ऐकवत, "वाढायचं आणि वाढवायचं." हे दुसऱ्या कुठल्याच भाषेत नेता येत नाही म्हणून मी एकटीच हसायची, आणि तेवढ्यासाठी त्या ते माझ्यासमोर पुन्हा पुन्हा म्हणत.

त्यांचं लग्न झालं नव्हतं. नात्यातलं इथे कुणी नव्हतं. ती चावी म्हणजे त्यांचा संसार होता, हे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे मी जे केलं ते माहीत असताना केलं.

शेवटच्या वर्षी मार्चपासून त्यांच्या जर्मनमधली नामं गळू लागली. आधी झाडू, मग किसणी. 'ते हे, डास डिंग' म्हणत त्या हाताने आकार काढून दाखवत आणि लोक हसत. त्याही हसत, पण डोळे हसत नसत. इतकी वर्षं इस्पितळात काढलेली बाई, पुढचा रस्ता कुठे जातो हे तिला कुणी सांगायला नको होतं. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर शेगडी नुसतीच पेटलेली, वर भांडं नाही, आणि मावशी खिडकीपाशी मला पाठमोऱ्या. मी गुपचूप शेगडी बंद केली. वळून न बघता त्या म्हणाल्या, "बोलू नकोस कुणाला." मी बोलले नाही.

आणि मग तो वास. ऑगस्टपासून त्यांना काहीतरी जळल्याचा वास यायचा. कांदा चिरता चिरता हात थांबायचा, मान वर व्हायची. "मीनल, जळतंय बघ काहीतरी." मी सगळं स्वयंपाकघर हुंगून यायची. काही नसायचं. "नाही हो मावशी, काही नाही." "मग अजून यायचं असेल," त्या एकदा म्हणाल्या आणि पुन्हा कांद्याकडे वळल्या.

चर्चचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात जर्मन काय, इंग्रजी लिहिणंही त्यांना जड जाऊ लागलं, तेव्हा उपाय मीच काढला. त्यांनी मराठीत लिहायचं आणि वाचणाऱ्याच्या फोनने त्याचं जर्मन करायचं. त्या खूश झाल्या. योआखिमने सगळ्यात आधी ते शिकून घेतलं. योआखिम म्हणजे आमचे कारभारी, निवृत्त रेल्वे इंजिनियर, खुर्च्यांच्या रांगा पट्टी लावल्यासारख्या लावणारा सरळमार्गी माणूस. मावशींवर त्याची भारी श्रद्धा. "गेनाऊ, श्वेस्टर एस्तेर," म्हणजे अगदी बरोबर, सिस्टर, एवढंच म्हणायचा आणि सांगितलेलं तंतोतंत करायचा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मृतांच्या आठवणीची उपासना होती. दुपारी तीनला. ज्याचं जे माणूस गेलं त्याच्या नावाने बारीक मेणबत्त्या लावायच्या. बाहेर सकाळपासून धुकं होतं, ते वर गेलंच नाही. मावशी दर वर्षी वाळूच्या थाळीत दहा मेणबत्त्या लावत, त्या दिवशी अकरा लावल्या. मी विचारलं, "अकरावी कुणाची?" "असू दे," त्या म्हणाल्या, "जागा धरून ठेवलीय."

उपासना संपता संपता कुण्या आजारी बाईकडून निरोप आला आणि पाळकबाई प्रभुभोजनाचं साहित्य घेऊन निघाल्या. सोबत मावशींना नेलं. त्या घाईत, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मावशी दिवे न वाढवता बाहेर पडल्या. मी तर आधीच घराकडे निघाले होते. बसमध्ये असताना ग्रुपवर त्यांचा संदेश आला.

"वेदीवरचे दिवे वाढवा. सगळे. मग दार ओढून घ्या."

मी वाचलं. मनात म्हटलं, आठवण झाली वाटतं, बरं झालं. खाली अंगठा टाकला आणि फोन पर्समध्ये ठेवला.

चर्चमध्ये योआखिम एकटाच खुर्च्या रचत होता. त्याच्या फोनने जर्मन करून दाखवलं ते असं होतं: वेदीवरचे दिवे जास्त करा, सगळे, मग दार बंद करा. त्याला नवल वाटलं, पण दिवस मृतांचा, आणि श्वेस्टर एस्तेर भारतातल्या. असेल काही रीत, असं त्याला वाटलं. शिवाय खाली माझा अंगठा होता. मराठी येणाऱ्या दुसऱ्या माणसाने दुजोरा दिला म्हटल्यावर प्रश्नच मिटला. त्याने खोक्यात उरलेल्या सगळ्या मेणबत्त्या काढल्या, वेदीवर दाटीवाटीने लावल्या, सगळ्या पेटवल्या. मावशी पाळकबाईंबरोबर अर्ध्या तासात परत येतीलच, असा त्याचा समज होता. दार ओढून घेतलं आणि ग्रुपवर लिहिलं, झालं.

त्या परत आल्या तेव्हा रस्त्यावर अग्निशमन दलाची गाडी उभी होती. जीवावर कुणाच्या बेतलं नाही. वेदीवरचं कापड मावशींनी तीन हिवाळे बसून भरलं होतं, त्याची राख झाली. मागची लाकडी भिंत छतापर्यंत काळी पडली. मावशी दारातच थांबल्या, नाक वर करून त्यांनी वास घेतला आणि मान डोलावली, असं पाळकबाईंनी मला नंतर सांगितलं.

पुढच्या बुधवारी बैठक झाली. पाळकबाई, योआखिम, समितीचे चौघे आणि इमारतीच्या मालक मंडळीतर्फे एक गृहस्थ. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चूक कुणाची ते ठरवा आणि चावी सुरक्षित हातात द्या, नाहीतर जागा सोडा. मावशी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं, कारण त्या आठवड्यात त्यांचं जर्मन पार आटलं होतं आणि इंग्रजीही अडखळत होतं. त्या "नाइन, नाइन", नाही नाही, एवढंच जर्मनमध्ये म्हणत आणि पुढे मराठी सुरू होई.

योआखिमचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो म्हणाला, "पेटवल्या मी. पण मला समजून घ्यायचंय. मीनल, त्या वाक्यात काय होतं? व्योर्टलिश?" म्हणजे शब्दशः.

मावशी माझ्याकडे वळल्या. अगदी शांतपणे म्हणाल्या, "सांग त्यांना. तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. दोन वाक्यांचं काम होतं. आमच्यात विझवा म्हणत नाहीत, वाढवा म्हणतात, बाईंनी बरोबर तेच सांगितलं होतं, एवढंच. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार होता: मग तू अंगठा कशाचा दिलास? तुझ्या एका शब्दाने हे टळलं नसतं का? आणि त्याच क्षणी मनाने एक शहाणपणाचं कारणही शोधलं. शेगडी मी बघितलीच होती. आज ना उद्या चावी घ्यावीच लागणार. ती आपसूक जाते आहे, तर त्यांच्या भल्याचंच आहे.

"शब्दशः म्हणाल," मी जर्मनमध्ये म्हणाले, "तर वाढवा म्हणजे जास्त करा."

एक अक्षर खोटं नव्हतं.

खोलीत सुस्कारे सुटले. असं होय, बिचाऱ्या, वय झालं, असं कुणीतरी पुटपुटलं. मावशींचं जर्मन आटलं होतं, पण एवढं त्यांना समजलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. मग पर्स उघडली, रुमालाची गाठ सोडली, चावी टेबलावर ठेवली आणि रुमाल तेवढा परत घेतला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. जानेवारीत त्या वृद्धाश्रमात गेल्या. तिथे आधी जर्मन गेलं, मग इंग्रजी. उरली नगरची मराठी, आणि ती समजणारी त्या अख्ख्या इमारतीत मी एकटी, तीही गुरुवारची. नर्सेस मला दारातच गाठून विचारत, "त्या सारखं काय म्हणतात?" मी सांगायची, "त्या विचारतात, सगळे जेवले का." हे मात्र मी दर वेळी नीट सांगितलं. काही वेळा त्या मला ओळखत, काही वेळा वॉर्डातली नवी पोरगी समजून चादर ताणायला शिकवत. ज्या दिवशी ओळखत, त्या दिवशी माझी धडगत नसे. त्या नुसत्या माझ्याकडे बघत.

मार्चच्या एका गुरुवारी मला ते सहन होईना. खिडकीबाहेर चार वाजताच अंधारून आलं होतं, पाऊस येणार होता. त्यांच्या टेबलावर बॅटरीवरची मेणबत्ती लुकलुकत होती. खऱ्या ज्योतीला तिथे बंदी होती. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "मावशी, त्या बैठकीत मी खरं सांगितलं नाही. माझ्यावर येईल म्हणून घाबरले. तुमची चावी माझ्यामुळे गेली."

त्यांनी डोळे उघडले. इतके स्वच्छ डोळे मी त्यांचे वर्षभरात पाहिले नव्हते.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

मी रडायला लागले. त्यांनी हात सोडवून घेतला आणि मेणबत्तीकडे बोट केलं.

"ती विझव."

मी दचकले. "मावशी, असं काय बोलता? वाढव म्हणा ना."

"नको," त्या म्हणाल्या, "तुला व्योर्टलिश सांगितलेलं बरं."

रागाने नाही, वॉर्डातल्या नव्या पोरीला औषधाचं माप सांगावं तसं त्या बोलल्या. मी मेणबत्ती उलटी करून तळाचं बटण दाबलं. शनिवारी सकाळी आश्रमातून फोन आला.

दफनानंतर चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि जे बुधवारी सांगायचं होतं ते चार महिने उशिरा सांगितलं. दोनच वाक्यं लागली. योआखिम खुर्चीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतके दिवस तो बिचारा, एका भ्रमिष्ट म्हातारीचं ऐकून आपण आग लावली, असं समजत होता. पाळकबाईंनी थोड्या दिवसांनी वेदीची व्यवस्था माझ्याकडे दिली, कारण त्या सगळ्या घड्या मलाच येत होत्या. क्षमा म्हणून दिली की शिक्षा म्हणून, हे मी विचारलं नाही.

आता दर रविवारी ती लांब दांड्याची टोपी माझ्या हातात असते. योआखिम दाराशी थांबतो आणि जमेल तशा उच्चारात विचारतो, "वाडवले?" मावशींच्या आठवणीने तो तो शब्द शिकला आहे. मी मान हलवते. पण तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. मी दिवे विझवते.