बहिणीच्या कपाटातली डिस्क

कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं नटबोल्ट मोजलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला, की घराचंच स्टोअर होतं. सगळे त्याला स्टोअरकीपरच म्हणत. वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर त्याने एक जुना कॉम्प्युटर मांडला, त्याला सर्व्हर म्हणायला घरादाराला भाग पाडलं आणि सगळ्यांचे फोटो, कागद त्यात कोंबले. शिवाय दोन डिस्क. एक सर्व्हरशेजारी, ती रोज त्याची हुबेहूब नक्कल करायची. दुसरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्या बहिणीच्या कपाटात. दर रविवारी दोघींची अदलाबदल. "घर जळालं तरी एक कागद जाणार नाही," हे पाहुण्यांना पाणी मिळण्याआधी ऐकावं लागे.

बायको शिवणकाम करायची. चाळीस वर्षांचे कापायचे नमुने, खाकी कागदावरचे, दोन पेट्या भरून होते. त्याने त्यांचे फोटो काढले आणि म्हणाला, "आता काढ ही रद्दी." तिने काढली, आणि पुढचे नवे नमुनेही त्याने फोटो काढला की टाकू लागली. नवऱ्यावर विश्वास ठेवायची खोड, दुसरं काय!

मग जागा भरत आली. स्टोअरकीपर आवराआवरीला बसला. एका ठिकाणी खाकी चौकोनच चौकोन, अकराशे. एकच फोटो पुन्हा पुन्हा उतरला असणार, असं ठरवून त्याने एकही न उघडता सगळे उडवले. संध्याकाळी शेजारच्या डिस्कनेही आज्ञाधारकपणे तेच केलं.

तीन आठवड्यांनी बायको म्हणाली, "अहो, त्या पाठीत वाकलेल्या बाईंच्या कोटाचा नमुना काढून द्या. तसा परत मला जमायचा नाही."

त्याने शोधलं, आणि ते खाकी चौकोन काय होते हे त्याला कळलं. सांगावं तर लागलंच. तिने शिलाईच्या मशीनवर झाकण घातलं आणि बसून राहिली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

उरली बहिणीकडची डिस्क. पण आठ महिन्यांपूर्वी बहीण बोलून गेली होती, "वहिनी शिवते म्हणून तुझे हे खेळ चालतात, दादा." तो तसाच उठला, अदलाबदल न करता. तेव्हापासून तिकडे फिरकला नव्हता. फिरकला असता, तर तीही पुसलेलीच निघाली असती.

रविवारी त्याने नाक मुठीत धरून बेल वाजवली. बहिणीने कपाटातून डिस्क काढली. वर पट्टी होती: हात लावू नये.

"तीनदा टाकायला काढली," ती म्हणाली. "दर वेळी तुझं अक्षर दिसायचं. ठेवून दिली."

"त्या दिवशी तू म्हणालीस ते खरं होतं," तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला आठ महिने लागले होते.

शेवटच्या आठ महिन्यांचे सोडून सगळे नमुने परत आले. कोटाचाही. बायको म्हणाली, "आता एकेक उघडा. काय आहे ते मी सांगते, तुम्ही खाली लिहा."

त्याने पहिला उघडला. खाकी कागद, त्यावर चार रेषा.

"हे कुणाचं?"

तिने मशीनवरून नुसती मान वळवली. चष्मासुद्धा लावला नाही.

"तुमच्या बहिणीचं. पहिल्या नोकरीला निघाली तेव्हा शिवलेलं. तिचा डावा खांदा जरा उतरता आहे."

साठ वर्षं तो त्या बहिणीचा भाऊ होता. त्याने खाली तसं लिहिलं आणि दुसरा उघडला.