खंडेनवमीला राहिलेली दुरुस्ती

शाकीरला मी तो पाळण्यात असल्यापासून ओळखते. त्याचे वडील राजेसाब आमच्या नाटकांचे दिवे सांभाळायचे. नातेपुते, मोडनिंब, जिथं जत्रा असेल तिथं आमचा टेम्पो जायचा, आणि पडद्याच्या दोऱ्यांवर बसून राजेसाब आम्हाला हसवत न्यायचे. रंगमंचावर माझ्या चेहऱ्यावर जे तेज दिसायचं त्यातलं निम्मं त्यांच्या हातातलं होतं, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत असे. आता ते नाहीत, टेम्पो नाही, आणि माझा आवाजही जिन्याच्या खालपर्यंत पोचत नाही. पण शाकीर येतो. चहा घेतो, माझा टीव्ही लावून देतो, आणि मनात काही असलं की बोलून टाकतो.

तो सोलापूरच्या बाळीवेसेतल्या एका छोट्या इंटरनेटवाल्याकडे काम करतो. मालक धोंडप्पा, कामाला पाचसहा माणसं. घराघरांत तार नेऊन नेट देणं हा धंदा. शिडीवर चढणं, खांबावर तार जोडणं हे काम नंदीशचं. ऑफिसात बसून कुठं काय अडलं ते शोधणं शाकीरचं. दोघं एकाच महिन्यात कामाला लागले आणि तेव्हापासून एकाच डब्यातून जेवत आले. नंदीशची आई दानम्मा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी देताना शाकीरची भाकरी मोजून वेगळी बांधायची, कारण नंदीश त्यातलीही खायचा.

शाकीर अडलेलं शोधतो ते एका सॉफ्टवेअरवर. ते कुणा एका कंपनीचं नाही. देशोदेशींची माणसं आपापल्या घरी बसून, एकमेकांचं तोंडही न बघता ते लिहितात आणि जगाला मोकळं ठेवतात. कुणीही घ्यावं, आत डोकवावं, चूक दिसली तर सुधारावी. तारेतून काय, किती आणि कुणीकडून कुणीकडं वाहतंय ते त्यात दिसतं. मला हे फार आवडलं होतं. न बघितलेल्या माणसांनी मिळून एक वस्तू जपायची, म्हणजे आमची नाटक मंडळीच की ती.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, धोंडप्पांनी ऑफिसात पूजा मांडली होती. शिडी, तार जोडायचं यंत्र, पकडी, कॉम्प्युटर, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. सोलापुरात त्या दिवशी यंत्रमागही बंद असतात, हत्याराला विश्रांती असते. सकाळी पडद्यावर एक सूचना आली की सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली आहे. नवीन सोय काही नाही, फक्त जुन्या चुकांची दुरुस्ती. शाकीर ती बसवायला खुर्चीत बसला, तेवढ्यात धोंडप्पा आरतीचं ताट घेऊन आले.

“ब्याड, ब्याड,” त्यांच्या तोंडून आधी कानडीच आलं. “आज हत्याराला हात लावायचा न्हाय.”

शाकीरनं हात मागे घेतला. त्या घरचा मान त्यानं कायमच राखला आहे. पडद्यावरच्या सूचनेत ‘नंतर’ असं एक बटण होतं, ते दाबून तो प्रसाद घ्यायला उठला.

दुसऱ्या दिवशी दसरा. तिसऱ्या दिवशी तक्रारींची गर्दी. सूचना रोज सकाळी येत होती आणि शाकीर रोज ‘नंतर’ दाबत होता. चालतंय ते कशाला हलवा, असं त्याला वाटलं. आमच्याकडे एक सुतार होता, तो प्रयोग नसेल त्या दिवशी सेटचे सगळे खिळे ठोकून बघायचा. त्याला कधी टाळी मिळाली नाही आणि आमच्यावर कधी भिंत पडली नाही. हे मी शाकीरला पुढे सांगितलं, पण तेव्हा उशीर झाला होता.

त्याच आठवड्यात संध्याकाळ झाली की बाळीवेसेतलं नेट रांगायला लागलं. लोक ऑफिसात येऊन बोलू लागले. पोरांचे क्लास बुडतात, दुकानाची मशीन चालत नाही, तुम्ही पैसे घेता कशाचे. एका संध्याकाळी दहाबारा माणसं उभी होती आणि धोंडप्पांचा पारा चढला. सगळी लाइन खातंय कोण ते आत्ता सांग, म्हणाले. शाकीरनं सॉफ्टवेअर उघडलं. एका नावासमोर लाल रेघ पार टोकाला गेली होती. नाव नंदीशचं.

गल्लीतल्या घरांना जिथून तारा फुटतात ती तारपेटी नंदीशच्याच भिंतीवर. चाव्या त्याच्याकडे. कुणीतरी मागून म्हणालं, फुकट कनेक्शनं वाटत असणार. शाकीर म्हणतो, त्या क्षणी त्याला फक्त एवढंच सुचलं की आपण दोस्ताची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये. त्यानं पडदा लोकांकडे फिरवला आणि बोट ठेवून सांगितलं, हे बघा, हितनं जातंय.

नंदीश नुकताच बाहेरून आला होता. खांद्यावर शिडी तशीच.

“शाकीर, नीट बघ की,” तो म्हणाला.

“बघितलंय.”

नंदीशनं शिडी भिंतीला लावली, चाव्या टेबलावर ठेवल्या आणि निघाला. धोंडप्पांनीही हाक मारली नाही.

नंदीश काम सोडून गेला, तरी नेट रांगतच राहिलं. शेवटचा उपाय म्हणून शाकीरनं ती दुरुस्ती बसवली आणि मग तिच्यासोबत आलेलं टिपण वाचलं. त्यात बऱ्याच बारीक गोष्टी होत्या. त्यातली एक अशी की काही तारांवरच्या माहितीला दोन पत्ते असतात, बाहेर पेटीचा आणि आत घराचा. आधीच्या आवृत्तीत काही वेळा आतला पत्ता सुटतो आणि साऱ्या पेटीचा भार पहिल्या घराच्या नावावर पडतो. पेटीवरचं पहिलं घर नंदीशचं. शाकीरनं त्या संध्याकाळची साठवलेली माहिती नव्या आवृत्तीत उघडली. लाल रेघ नंदीशच्या नावावरून उडाली आणि एका मंगल कार्यालयावर जाऊन बसली. तिथला एक बिघडलेला कॅमेरा रोज संध्याकाळी वेड्यासारखा तारेत माहिती ओतत होता. तो कॅमेरा काढला आणि नेट धावायला लागलं. लोकांना वाटलं, चोर गेला म्हणून लाइन सुधारली.

हे मला सांगताना तो माझ्या दारातच बसला होता, आत आला नाही. त्यानं सांगितलं नसतं तर जगात कुणाला कळलं नसतं. दोन पत्त्यांची ती भानगड बाळीवेसेत समजणारा माणूस तोच एक. जेवण जात नाही म्हणाला. दुपारी डबा उघडला की एकाच माणसाचा असतो.

मी त्याला काही शिकवलं नाही. तो आपणहून होटगीला गेला. नंदीश तिथं मामाकडे राहून दुसऱ्या एका नेटवाल्याच्या तारा ओढत होता. रेल्वे फाटकाजवळच्या टपरीवर शाकीरनं त्याला सगळं सांगितलं, पेटीसकट, दोन पत्त्यांसकट, ‘नंतर’ दाबण्यासकट. माफी मागितली. नंदीशनं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला.

“हितं कशाला सांगतोस?” तो म्हणाला. “तिथं बोलला होतास ना.”

एवढंच. त्याचं म्हणणं मला लगेच पटलं, कारण मला हे रंगमंचावर कळलेलं आहे. प्रेक्षकांसमोर चुकीचं बोललेलं वाक्य विंगेत जाऊन कितीही वेळा बरोबर म्हटलं, तरी ते तिथल्या तिथंच विरतं.

शाकीरनं संध्याकाळची वेळ धरली, जेव्हा बिल भरायला माणसं येतात. त्यातली निम्मी, नंदीशवर बोट ठेवलं त्या दिवशीचीच होती. तो खुर्चीवरून उठला आणि सांगायला लागला. धोंडप्पांना आधी कळेना, मग कळलं, मग ते त्याला वाचवायला धावले. माणूस वाईट नाही तो.

“मग मशीनची चूक हाय म्हण की,” ते म्हणाले. “इषय संपला.”

“मशीनची दुरुस्ती आली होती, अण्णा. मी बसवली न्हाय.”

“मीच नको म्हणलो होतो की. खंडेनवमी होती.”

“तुमी एका दिवसाचं म्हणला होता,” शाकीर म्हणाला. “बाकीचे दिवस माझे.”

लोकांनी ऐकलं. काहींनी मान हलवली, काही आपल्या मोबाइलमध्ये होते. एकानं विचारलं, म्हणजे आता नंदीश परत येणार का. धोंडप्पा दुसऱ्याच दिवशी स्वतः होटगीला गेले. नंदीश त्यांच्या पाया पडला आणि येत नाही म्हणाला. शाकीरचा फोन मात्र तो आता उचलतो. कामाचं बोलतात, कुठली तार टिकते, कुठली नाही. डब्याचं कुणी काढत नाही.

परवा माझ्या खिडकीतली तार उंदरानं कुरतडली म्हणून शाकीर आला होता. शिडी लावून वर चढला. खालच्या मजल्यावरच्या ईरम्मा ओट्यावर शेंगा सोलत होत्या. त्यांना बोलायला माणूस लागतोच.

“त्या चोरट्याला काढलात ते बरं केलात बघ,” त्या म्हणाल्या. “आता कसं झकास चालतंय.”

शाकीर शिडीवरून पूर्ण खाली आला. चप्पल घातली, ईरम्मांच्या समोर उभा राहिला आणि त्यानं पहिल्यापासून सांगितलं. ही त्याची कितवी वेळ ते त्यालाच माहीत. कुणी नंदीशला चोर म्हटलं की तो थांबतो, हातातलं काम ठेवतो आणि सांगतो. पेटी, दोन पत्ते यातलं ईरम्मांना काही कळलं नसावं. पण ‘चोर नंदीश नव्हता, मी चुकीचं नाव घेतलं’ हे कळलं, कारण त्यांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

“दानम्मा देवळात मला बघून पलीकडच्या दारानं जाते,” त्या म्हणाल्या. “ते ह्यामुळं व्हय?”

शाकीरनं होकाराची मान हलवली.

“मीबी तिला कदी हाक मारली न्हाय. चोराची आई म्हणून.” ईरम्मांनी सूप बाजूला सारलं. “आता सोमवारी भेटेल ती. काय बोलू तिच्याशी, तूच सांग.”

“मलाबी अजून जमलं न्हाय, मावशी,” शाकीर म्हणाला. “त्यांच्या दारावरनं रोज जातो मी. गाडीचा वेग वाढवतो.”

ईरम्मांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाल्या, सोमवारी तू देवळाबाहेर ये, मी तिला थांबवते. शाकीरनं चप्पल काढली. पुन्हा शिडी चढून त्यानं माझी तार जोडली, आणि त्याला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.