लिंबाच्या झाडापाशी वळणारी माधुकरी

ताईनं फोनवर सांगितलं, दिनूला मठाच्या शाळेत टाकलं, राहणं-खाणं-शिकणं सगळं फुकट. फुकट म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. सुरतेत लूमवर राबून एवढं कळलंय, की फुकटाच्या मागं कोणीतरी उभं असतं. सुट्टी टाकली. भाच्याला तिथून काढायचं ठरवूनच निघालो.

कोणाला तिकडं जायचं असेल तर भुसावळपर्यंत रेल्वे, पुढं एस.टी.नं जालना. स्टँडबाहेर पोहे बरे मिळतात. मंग अंबडवरून घनसावंगी. तिथून जीप, भाडं दहा रुपये, पण गच्च भरल्याबिगर हलत नाही. दोन्ही बाजूंनी ऊस लागला की गोदावरी जवळ आली समजायचं.

मठ म्हणजे पत्र्याच्या खोल्या. महाराज गोड बोलले, चहा पाजला. मी पिठाचे डबे उघडून बघितले, पोरांच्या पाठीवर वळ आहेत का तेही बघितलं. काहीच सापडलं नाही. त्यानं संशय जास्तच वाढला.

संध्याकाळी पोरं झोळ्या घेऊन माधुकरीला, म्हणजे घरोघर भाकरी मागायला निघाली. मीही मागं. बाया दारात वाटच बघत होत्या; कुणी भाकरी घातली, कुणी वर ठेचा. दिनू अंगानं भरला होता, हसत होता. लिंबाच्या झाडापाशी सगळी पोरं एकदम मागं वळली. पुढं अजून घरं होती, वर निळा झेंडा. एका दारात बाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"तिकडं का न्हाई?" मी दिनूला विचारलं.

"तिकडं न्हाई जात, मामा."

"महाराजांनी सांगितलं?"

"कोणीच न्हाई सांगितलं. मोठी पोरं इथून वळतेत."

सुरतेत माझ्या शेजारच्या लूमवर किशोर असतो. त्याच्याही गल्लीत निळा झेंडा आहे. आमचा डबा एकच.

महाराजांना विचारलं तर म्हणाले, आम्ही कोणाला बिलकुल मना केलेलं नाही, तुम्ही बाहेर राहून लई शंका घेता. मना केलं नसेलही. तेच मला जास्त खुपलं.

सकाळी दिनूला घेऊन त्याच दारात पाणी मागितलं.

"रस्ता चुकले का, पाव्हणं?" बाई म्हणाली, पण तांब्या दिला.

दिनूनं तो हातात धरला, आधी मागं वळून बघितलं, मंग प्याला.

ताईच्या घरी जाऊन म्हटलं, पोरगं काढ. ती म्हणाली, "अन् ठेवू कुठं? इथल्या शाळेत मास्तर येतो का? का तू शिकवतो, पाचवी नापास?" दिनू मठातच राहिला.

परत आलो तर किशोरनं विचारलं, कसं झालं गाव? मी जीपचं सांगितलं, ठेच्याचं सांगितलं. लिंबाचं सांगितलं नाही.

परवा ताईचा फोन आला, खुशीत होती. मोठी पोरं पुढच्या शिक्षणाला गेली, आता माधुकरीला आपला दिनू सगळ्यांच्या पुढं चालतो म्हणे. लिंबापाशी गेल्यावर तो कुठं वळतो, एवढंच मला विचारायचं होतं. मी पाऊसपाणी विचारलं.