पिवळ्या रंगाचं दुसरं माप

माझ्या फजित्या भोसरीत माझ्यापेक्षा जास्त प्रसिद्ध आहेत. सांगवीत चुकीच्या मांडवात शिरलो, आहेर दिला, वर दोनदा श्रीखंड मागून घेतलं — हे मीच सगळ्यांना सांगत फिरतो. पण एक गोष्ट आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. हसण्यासारखी असती, तर सांगितली नसती का?

मी भोसरीतल्याच एका छोट्या प्रयोगशाळेत काँट्रॅक्टवर होतो. पावडरी मोजायच्या, पाण्यात विरघळवायच्या, वहीत लिहायचं. तिथे संशोधन करायला शबाना मॅडम आल्या. वडिलांचं चाकणला गॅरेज; इंजिन न उघडता नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस. लेकीला जिवंत शरीर न कापता आत बघायचं होतं. आणि त्यासाठी काय, तर मिठाईत घालतात तो पिवळा रंग! पाण्यात कालवून भूल दिलेल्या उंदराच्या पोटावर चोळायचा. मी मनात म्हटलं, आता उंदराची जिलबी होणार.

एका सकाळी मी रंग मोजून पाण्यात टाकला आणि फोन वाजला. आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आधी कुठल्या विंगला, यावर भांडण. आणि मी कमिटीत. तावातावानं बोललो, परत आलो आणि रंग टाकला. हो — पुन्हा. वहीत मात्र एकच माप लिहिलं.

मॅडमनी ते पोटावर चोळलं. खोलीत आम्ही दोघंच. काही मिनिटांत — कसं सांगू? — कातडी होती तिथेच, पण आड येईना. तांबूस काचेपलीकडे दिसावं तसं यकृत दिसलं. आतड्याची वेटोळी दिसली, सावकाश सरकणारी. कुणी ढकलत नव्हतं, तरी चाललेली. आपण टँकरवरून भांडतो तेव्हा आपल्याही पोटात हेच चालू असतं? माझे हात आपोआप जोडले गेले. मॅडमनी एक फोटो काढला, पाण्यानं रंग पुसला — आणि पोट पुन्हा नुसतं पोट.

बरणीचं झाकण लावताना माझ्या लक्षात आलं. रंग फारच खाली गेला होता.

मला कायम करायचा कागद त्या आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होता. पण ते राहू दे. तोंड मला होतं, वेळ होती — मी बोललो नाही.

पुढे कित्येक महिने वहीतल्या मापानं पोट फक्त पिवळं व्हायचं. मॅडमनी उंदीर बदलले, दिवा बदलला, कॅमेरा बदलला. फोटो बनावट असल्याची कुजबुज सुरू झाली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, उंदीर फक्त तुम्हालाच पोट दाखवतो का?" मीही पाहिलंय, असं मी म्हटलं, तर हसून म्हणाले, "काका, तुम्ही लग्नसुद्धा दुसऱ्याचंच बघून येता."

मग एकदा मॅडमनी मला विचारलं, माप वाढवून बघू या का?

"वहीत आहे तेवढंच होतं, मॅडम," मी म्हणालो.

"मग माप नको बदलायला. तुमच्या हातून चूक होत नाही, काका."

काम बंद झालं. मॅडमना जावं लागलं. खोट्या फोटोवाली म्हणूनच गेल्या. मी कायम झालो.

त्या गेल्यानंतर एका जेवणाच्या सुट्टीत मी चिकनचा कागदासारखा पातळ काप आणला. दुप्पट रंगात भिजवला, काचेच्या बशीत घातला आणि बशी त्या वहीच्या त्याच पानावर ठेवली. थोड्या वेळानं मांसातून माझं अक्षर दिसू लागलं — तारीख, रंगाचं नाव, एक माप. किती सुंदर दिसत होतं ते! मी बघत राहिलो.

मग काप नळाखाली धरला. तो पुन्हा पांढरट झाला. वही मिटून फळीवर ठेवली. अजून तिथेच आहे. आकडा मी बदललेला नाही.