गुरुपौर्णिमेचा भाडोत्री शिष्य

हौशी रंगभूमीवर मी पंचवीस वर्षं दरवान, डाकू आणि प्रेत या भूमिका गाजवल्या. त्यामुळे सदाशिव पेठेत शेअर बाजाराचे वर्ग घेणाऱ्या एका गुरूंचा माणूस येऊन म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे, आणि तेही बोलायचं," तेव्हा पैसे किती ते विचारायच्या आधीच मी हो म्हणालो.

प्रसंग गुरुपौर्णिमेचा. चांदीच्या ताम्हनात गुरूंचे पाय, मागे पडद्यावर बाजाराचे हिरवे-तांबडे आलेख. पाद्यपूजा झाली की शिष्यांनी उठून आपापला भाग्योदय सांगायचा. त्या वर्षी भाग्य उजळलेल्यांची जरा टंचाई होती, म्हणून मी. मी हार घातला, माईक हातात घेतला.

"मी बुडालोच होतो. पण..."

इथे थांबलो. मोजून तीन श्वास. डोळ्यांत पाणी आणलं.

"पण गुरू भेटले!"

काय टाळ्या पडल्या! एवढ्या टाळ्या मला मेल्यावरसुद्धा मिळाल्या नव्हत्या. त्या ओसरल्या, आणि चौथ्या रांगेत मला माझे साडू दिसले.

साडू खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. क्वार्टर सोडायचं होतं. फंडाच्या पैशांतून धायरीला दोन खोल्या घ्यायचं ठरलं होतं. बाहेर चपला शोधताना त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मी नुसता ऐकायला आलो होतो हो. पण तुम्ही! लग्नाच्या पंगतीत जिलबी उलटी करून बघणारा माणूस! तुमचा विश्वास बसला म्हणजे प्रश्नच मिटला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच खडकी गाठली.

"अहो, ते नाटक होतं. हे बघा, पाकीट मिळालंय मला त्याचं."

साडू हसले. "खोटं आत्ता बोलताय. काल डोळ्यांत पाणी होतं तुमच्या."

"ते मला केव्हाही आणता येतं!"

"मग आणा आत्ता."

मी डोळे ताणले, मिटले, श्वास कोंडला. एक थेंब येईना. मेहुणी चहाचा कप आदळत म्हणाली, "राहू द्या. दुसऱ्याचं भलं होतंय म्हटलं की पुण्यातल्यांच्या पोटात दुखायचंच."

मी चहा प्यायलो आणि परत आलो. आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा साडू वर्गाला गेलेले होते.

वर्षभरात धायरीच्या खोल्या बाजारात विरघळल्या. दोघं भाड्याच्या एका खोलीत राहायला गेले. पुढच्या आषाढात साडू माझ्याकडे आले. शर्टाला कडक इस्त्री होती.

"गुरू म्हणतात, चूक माझीच. मी शिस्त पाळली नाही. या पौर्णिमेला मला बोलायला सांगितलंय. बोललो की पुढचा वर्ग फुकट. गेलेलं सगळं परत येईल. तुमचं ते मध्येच थांबणं तेवढं शिकवा मला."

"नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच नाटकातल्या कामाला नकार देत होतो.

"म्हणजे तुम्हाला लाभलं ते मला लाभू नये. असंच ना?"

ते उठले. चपला घातल्या.

"येतो मी. पण..."

आणि उंबऱ्यात थांबले. मी नकळत श्वास मोजायला लागलो. एक, दोन, तीन. चार. पाच. पुढचं वाक्य आलंच नाही. मान खाली घालून ते जिना उतरत गेले.