घटाचे तुरे आणि ‘इटिओलेशन’

दौंडच्या तहसील कचेरीबाहेर मी अर्ज लिहीत असे. शिक्षण नववीपर्यंतचे, परंतु अन्य कोणाही अर्जलेखकाकडे नव्हता असा जाडजूड इंग्रजी शब्दकोश माझ्या टेबलावर विराजमान होता. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात तो मला रद्दीत लाभला. त्यातच ‘इटिओलेशन’ हा शब्द भेटला : उजेड न मिळाल्याने रोपाचा हिरवा रंग जाऊन ते फिकट व लांबट होणे. एवढा भारदस्त शब्द हाती आला आणि योजण्यास अर्ज नाही, या विवंचनेत माझा सारा पावसाळा गेला.

नवरात्राच्या तोंडावर खुटबावचे एक आबा आले. शेजारच्या गुऱ्हाळवाल्याने बांधालगत उसाच्या चिपाडांचा डोंगर रचला होता आणि त्याच्या सावलीत आबांचे कांद्याचे रोप पिवळे पडत चालले होते. रोप गेले की त्या वर्षीचा कांदाच गेला. मी आबांचे सांत्वन केले खरे, पण आतून मला उकळ्या फुटत होत्या. अर्जात जागा मिळेल तिथे मी तो शब्द बसवला.

सुनावणी घट बसल्यानंतर लागली. तहसीलदार रावसाहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

“हा कोणता रोग?”

गुऱ्हाळवाला ताडकन उठला. “बघा सायेब, रोग हाय! चिपाडानं कुठं रोग येतो व्हय? आबांनी औषध मारावं.”

आबा माझ्या कानाशी आले. “अवो, तुमच्या इंग्रजीनंच माझं रोप मारलं की!”

तेवढ्यात मला एकाएकी सुचले.

“रावसाहेब, आपल्या देवघरात घट आहेत. त्यातले धान्य उगवून कोणत्या रंगाचे दिसते?”

“पिवळे.”

“त्यास रोग झाला काय?”

“छे! अंधारात असते म्हणून.”

“हेच ते इटिओलेशन!”

कचेरी खदखदून हसली. गुऱ्हाळवाला मात्र हटेना. “मंग देवी पावली म्हना की. आबांनी पेढं वाटावं!”

“टोपीत खोवाया चार काड्या पिवळ्या चालत्यात,” आबा कडाडले. “आख्खा वाफा कुनाच्या टोपीत खोवू? तुझ्या?”

रावसाहेबांना हसता हसता ठसका लागला. त्यांच्या हुकमाने चिपाडे दुसऱ्याच दिवशी हलली.

दसऱ्याला आबा माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी घटाचे पिवळे तुरे माझ्या टोपीत खोवले आणि पुन्हा हिरवी होऊ लागलेली कांद्याची एक काडी शब्दकोशावर ठेवली.

“डोईवर हाय त्यो तुमचा शब्द,” ते म्हणाले. “तिथंच ऱ्हाऊ द्या. रानात नगं.”